निरोपाची मरीसा

रोज सकाळी तोंड धुण्याआधी कोशेमावशी माठाला कान लावायची. उजव्या हाताने माठाचा गळा धरायची, डोळे मिटायची, आणि तेवढा वेळ तिच्या अंगणातलं सगळं थांबायचं, कोंबड्या सोडून. आत बुडबुड असेल तर तिच्या भुवया हलायच्या. बुडबुड भरभर आहे की सावकाश, वरवर आहे की तळातून येते आहे, यावरून आज गाळायचं की उद्या, हे ती ठरवायची. माठात नुसतं पिण्याचं पाणी असलं तरी ती कान लावायचीच. मी शेजारची, तेव्हा शाळेत जाणारी; पाणी काय म्हणतंय, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "म्हणतंय, पाणीवाल्याचं गाढव आलंय, पुस्तकवाल्या पोरींना बादल्या घेऊन पाठव."

आमची वस्ती ओमदुरमान शहराच्या पश्चिमेला, जिथे बस वळून माघारी फिरते त्याच्याही पलीकडे. दक्षिणेकडच्या आमच्या डोंगरात लढाई पेटली तेव्हा आमची माणसं लॉरीत बसून इथे आली आणि मातीच्या भिंती घालून राहिली. कोशेचा नवरा वाटेतच कुठल्याशा सैन्याने उचलला, तो परत दिसला नाही. ती इथे उतरली तेव्हा तिच्याबरोबर म्हातारी आई होती, दळायचा दगडी पाटा होता, आणि एक वाळका तुंबा, पोकळ भोपळ्याचा. तुंब्याच्या आतल्या अंगाला जुन्या मरीसेचा साका खपलीसारखा धरलेला होता. त्यातला नखभर खरवडून कोमट पिठात कालवला की पीठ जागं व्हायचं. हे विरजण तिच्या आईला तिच्या आईकडून मिळालेलं.

मरीसा म्हणजे आमची ज्वारीची बियर. ती बाईने करायची, आपल्या चुलीवर. लाल ज्वारी भिजवून, ओल्या पोत्यावर पसरून, वर रुईची पानं झाकून कोशे मोड आणायची. कधी थांबायचं हे तिच्या बोटांना कळायचं. मग उन्हात वाळवणं, मोड चोळून काढणं, दळणं. इथवर सगळ्या प्रकारांची वाट एकच. पुढे फाटे फुटतात. मजुरांसाठी ती दाट मरीसा करायची, जवळजवळ खायचीच. ती पोटात गेली की माणूस दिवसभर विटा थापायचा आणि भाकरी मागायचा नाही. लग्नासाठी बिलबिल, निव्वळ मोडाच्या पिठाची, पुन्हा पुन्हा गाळून स्वच्छ केलेली, जिभेला टोचणारी. बाळंतिणींसाठी पांढरी, जेमतेम आंबवलेली, ताकासारखी. आणि चौथी निरोपाची. तिच्यासाठी आंबलेलं निम्मं पीठ तव्यावर कॉफीच्या रंगाचं होईपर्यंत भाजायचं आणि मग मोडाच्या पिठात मिसळायचं. ती गडद तांबडी उतरते आणि गिळल्यानंतर घशात थोडी कडू राहते. ती माणूस गेल्यावरच करतात.

या शहरात मात्र दारूबंदी, म्हणून चारही गुन्हाच. पहिल्यांदा पकडली तेव्हा पोलिसांनी अंगणातले माठ फोडले आणि तिला फटके बसले. न्हाणीच्या आडोशाला बायकांना पाठीवरचे वळ दाखवून ती म्हणायची, "बघा, शहराने मला पट्ट्यापट्ट्यांचं झंपर शिवलं." दुसऱ्यांदा तुरुंग झाला. सुटताना तिला बजावलं गेलं की तिसऱ्या वेळी इतक्यात बाहेर यायची आशा धरू नकोस. तुंबा दोन्ही वेळा वाचला, कारण खुंटीला टांगलेला वाळका तुंबा कुणालाच काही वाटत नाही.

ती तुरुंगात असतानाच तिची आई गेली. वस्तीने पुरलं. कोशेला निरोप कळला तोवर माती सुकलीसुद्धा होती.

आमच्या डोंगरातली रीत अशी की गेलेल्या बाईसाठी तिच्या लेकीने आपल्या हाताने निरोपाची मरीसा करायची, घरच्याच विरजणाने. पहिला तुंबा उंबऱ्यावर ओतायचा. गेलेल्या बाईच्या भावाने तिचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि तिला सांगायचं, आता जा. मग वडीलधाऱ्यांनी प्यायचं. तोवर त्या घरात तिचं नाव घेत नाहीत आणि तिची बाज भिंतीला उलटी टेकवून ठेवतात. कोशेच्या घरात ती बाज पाय बाहेर काढून तशीच उभी होती. कुणी नवीन माणूस आला आणि बसायला जागा शोधू लागला की कोशे घाईने आपली चटई पुढे सरकवायची. "ती अजून दारात उभी आहे," एकदा मला म्हणाली. "आत येता येत नाही, जाता येत नाही. मीच तिला ताटकळत ठेवलंय."

त्या वर्षी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात तिचा मामा, अंगालोमामा, डोंगरातून लॉरीने आला. डोळे जवळजवळ गेलेले, काठीसुद्धा दुसऱ्याने धरावी लागायची. आईच्या भावांपैकी तेवढाच उरला होता. रमजान लागायच्या आधीच्या शुक्रवारी लॉरी परत जाणार होती. कोशे म्हणाली, मामा, ईद करून जा. म्हातारा म्हणाला, "पोरी, हा प्रवास मी एकदा केला. पुन्हा माझ्याच्याने व्हायचा नाही. तुला करायचं तर आता कर."

तेव्हा कोशेने ठरवलं.

शाबान होता हे तिच्या पथ्यावरच पडलं. त्या महिन्यात ओमदुरमानच्या छपराछपरावर मोड आलेली लाल ज्वारी वाळत असते. रमजानमध्ये उपास सोडायला हुलुमुर हे आंबटगोड सरबत लागतं, आणि हुलुमुरसुद्धा मोडाच्याच ज्वारीचं. फरक एवढाच की हुलुमुरच्या पिठात पहिल्या पाण्याबरोबरच मसाला पडतो: दालचिनी, सुंठ, कलौंजी, चिंच. त्या मसाल्यात विरजण टिकत नाही. पीठ आंबट होतं आणि तिथेच राहतं. मग तव्यावर कागदासारखे पापुद्रे भाजून ठेवायचे आणि उपासाच्या दिवशी पाण्यात भिजवायचे. मसाला नसलेलं तेच पीठ मात्र पुढे चालत जातं. शाबानात घराघरातून आंबट वास येतो, आणि कुणाच्या पिठाचा वास कुठे निघालाय हे सांगणं कठीण.

रस्त्यापलीकडच्या पक्क्या घरात हाज्जा बत्तूल राहायची. कापडवाल्याची विधवा, हजला जाऊन आलेली, पाचही नमाज वेळेवर, जिभेला मात्र सुट्टी नाही. तिचं हुलुमुर दर वर्षी कोशेच करायची, कारण तिच्यासारखे मोड कुणाला येत नाहीत हे हाज्जा स्वतः सगळ्यांना सांगायची, फक्त कोशेला सोडून. कोशेला ती म्हणायची, "तुझ्या पोत्यातली निम्मी ज्वारी जन्नतला जाते आणि निम्मी जहन्नमला."

"पोतं एकच आहे हो, हाज्जा," कोशे म्हणायची. "ओतताना मी वेगळी कशी करू?"

शनिवारी सकाळी कोशेच्या अंगणात दोन माठ शेजारी शेजारी होते. एकात हाज्जाचं मसाल्याचं पीठ, दुसऱ्यात आईच्या निरोपाचं. आईच्या माठात आदल्या दिवशी तुंब्यातलं विरजण पडलं होतं. तिने कान लावला होता आणि ती समाधानाने उठली होती. मी मामाला तांदळाची पेज द्यायला गेले होते. तेवढ्यात दार वाजलं नाही, सरळ उघडलं.

हवालदार तैफूर आमच्या भागात नवा होता. नदीकाठच्या गावचा, नीटनेटका, आवाज कधी न चढवणारा. आधीचे पोलीस आरडाओरडा करायचे, त्यांची सवय झाली होती. याची शांतता अंगावर यायची. त्याच्याबरोबर दोन शिपाई होते, हातात लोखंडी सळया. त्यांनी अंगणाची जमीन टोचायला सुरुवात केली, पुरलेला माठ लागतो का बघायला. सळई आत जायची, बाहेर यायची. कोशे चुलीशी बसून होती. लाकडं पुढे सारत होती, आणि तिच्या हातातलं लाकूड जळत बोटांपर्यंत आलंय हे तिच्या लक्षात नव्हतं.

जमिनीत काही लागलं नाही. तैफूरने पहिल्या माठावरचं झाकण उचललं, वाकून वास घेतला आणि त्याचा चेहरा सैल झाला. म्हणाला, दालचिनी जरा जास्त पडलीय. मग दुसऱ्या माठाचं झाकण उचललं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"हे काय आहे?"

कोशे म्हणाली, तेच. हाज्जांचंच, दुसरं पाणी.

"माझी आई हुलुमुर करते," तैफूर म्हणाला. "मसाला पहिल्या पाण्यात घालते. यात मसाला नाही."

मामाने पेजेची वाटी खाली ठेवली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाज्जा आली. पोलिसांची गाडी दिसली की ती यायचीच. आल्या आल्या तिने दोन माठ बघितले, झाकण हातात धरलेला हवालदार बघितला, आणि कोशेचं तोंड बघितलं. तिला काय कळलं ते तिलाच ठाऊक. ती तशीच वळून परत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. पण ती पुन्हा आली ती मसाल्याची पिशवी घेऊन.

"मसाला माझ्याकडे राहिला होता," ती तैफूरला म्हणाली. "गुडघ्यांनी सकाळपासून उठू दिलं नाही. तू कुणाचा रे? बोलणं नदीकाठचं दिसतंय."

तिने पिशवी कोशेपुढे धरली. कोशेने ती घेतली. आत हात घातला, बोटांत मसाला चोळून बघितला आणि म्हणाली, भरड आहे, बारीक करायला हवा. ती पाट्यावर बसली आणि दळू लागली. इतकं सावकाश दळताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटत असणार, माणूस कंटाळेल. पण तैफूर कोंबड्यांच्या खुराड्यावर टेकला, चहा मागितला, चहा आला, तो त्याने साखर ढवळत ढवळत प्यायला. हाज्जा त्याच्या आईच्या दुखण्याची चौकशी करत होती. दगडावर दगड फिरत होता. दालचिनीचं पार पीठ झालं, तरी फिरत होता.

शेवटी तैफूर म्हणाला, "झालं की बारीक. घाल आता. पहिला पापुद्रा भाजलेला बघतो आणि जातो."

कोशे उठली. ओंजळ भरून तिने मसाला माठात घातला. दुसरी ओंजळ घातली. मग कोपरापर्यंत हात आत घालून तळापासून ढवळलं, नीट, काही कसर न ठेवता, जसं हाज्जाचं ढवळायची तसंच. तवा तापवला, त्यावर तेलाचा हात फिरवला, पळीभर पीठ ओतून पातळ पसरलं. पापुद्रा सुटला. तैफूरने कड मोडून खाल्ली. म्हणाला, माझी आई अजून आंबट करते. आणि निघताना, "रमजान लागेपर्यंत मी येत जाईन इकडे."

गाडी गेल्यावर कोशे भाजतच राहिली. सगळं पीठ संपेपर्यंत. तांबूस पापुद्र्यांची चळत हाज्जाच्या परडीत रचली आणि मगच हात धुतले. मामाने विचारलं, किती उरलंय. ती म्हणाली, काही नाही. मोडाची ज्वारी तेवढीच होती. नव्याने भिजवून, मोड आणून, वाळवून शुक्रवारच्या आत होणारं नव्हतं. तिने खुंटीवरचा तुंबा काढून आत बोट फिरवलं. बोटाला खपलीचा एवढासा कण लागला.

दुसऱ्या दिवशी हाज्जाने तिला बोलावून घेतलं. पुढचं मला दोघींकडून निरनिराळ्या वेळी कळलं आणि दोघींचं सांगणं फारसं जुळत नाही, पण एवढं दोघींनी सांगितलं. हाज्जा बांधाबांध करत होती. लेकीकडे नदीपलीकडे बहारीला चालली होती. तिने छपराकडे बोट दाखवलं. वर तिची ज्वारी वाळत होती, कोशेनेच मोड आणलेली, ईदच्या खेपेसाठी राखलेली.

"ती काढून घे," हाज्जा म्हणाली. "ऊन फार लागलं तर खराब होईल. मोड तुझ्याच हातचे आहेत. माझ्या छपरावर वाळली म्हणून कुणाला चालणार नसेल तर तसं सांग."

कोशे म्हणाली, चालेल.

"स्वयंपाकघराची किल्ली ही. माझं जे काय करायचं राहिलंय ते इथेच कर. तिकडे तुझ्या अंगणात पोलिसांची जत्रा असते." मग आपलं गाठोडं उचलत म्हणाली, "मी काही विचारलेलं नाही. तू काही सांगितलेलं नाहीस."

मरीसा हा शब्द तिने उच्चारला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तैफूर सोमवारी आला, मंगळवारी आला. कोशेचं अंगण टोचून गेला. माठ पालथे होते. हाज्जाच्या घराकडे त्याने पाहिलं नाही. हजला जाऊन आलेल्या बाईच्या घराकडे कोण बघतं. तिथे आत कोशेने तो शेवटचा कण कोमट पिठात कालवला होता आणि दर थोड्या वेळाने कान लावत होती. मंगळवारी दिवसभर माठ गप्प होता. ती अंगणात आली तेव्हा तिच्या गालावर माठाचा गोल ठसा उमटलेला होता. मामाने तोंड न वळवता विचारलं, बोलतोय का. ती म्हणाली, नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मसाल्याच्या हातांनी ढवळलं असेल का मी? धुतले होते. तरी वास जात नाही." ती बोटं नाकाशी नेऊन बघत होती.

बुधवारी सकाळी ती रस्ता ओलांडून आली तेव्हा चालण्यावरूनच कळलं. तळातून येतेय, म्हणाली. सावकाश, पण तळातून. त्या दिवशी तिने निम्मं पीठ तव्यावर भाजलं, कॉफीच्या रंगावर आणलं, उरलेल्या मोडाच्या पिठात मिसळलं आणि माठ झाकला.

गुरुवारी गाळायचं होतं. मामाची लॉरी शुक्रवारी पहाटेची. वस्तीतले चार म्हातारे एकेक करून, जणू सहज आल्यासारखे, कोशेच्या अंगणात येऊन बसले. मी दाराच्या फटीतून रस्ता बघत होते. दुपारी दोन गोष्टी एकदम झाल्या. हाज्जा बत्तूल ठरल्यापेक्षा लवकर परत आली, आणि तिच्या मागोमाग तैफूर चालत आला, या वेळी एकटाच, आणि हाज्जाच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली बसला.

आत हाज्जा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. जमिनीवर उघडा माठ होता, वर तांबूस फेस, आणि कोशे जुन्या ओढणीच्या फडक्यातून गाळत होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या घरात रोज कुराण वाचलं जात होतं. कोशे मला म्हणाली, त्या वेळी मला पोलिसांची भीती वाटली नाही, हाज्जा काय म्हणेल याची वाटली.

हाज्जाने फडक्याकडे बघितलं. "त्यातून सगळं तूस खाली जातंय," ती म्हणाली. खिळ्यावरची खजुराच्या पातीची आपली गाळणी काढून तिने कोशेच्या पुढ्यात ठेवली, आणि हातपाय धुवायला गेली. नमाजाची वेळ झाली होती.

तैफूरने दार वाजवलं ते ती नमाज संपवून उठल्यावर. कोशे इथे आहे का, त्याने विचारलं. हाज्जा सहसा खोटं बोलत नसे, आणि त्या दिवशी तर तिचा गुरुवारचा उपास होता; रमजानाआधी बरेच जण सोमवार-गुरुवार धरतात.

"माझ्या स्वयंपाकघरात आहे. गाळतेय."

"बघू का जरा?"

"बघ की. पण घरात पुरुषमाणूस नाही. मी एकटी विधवा बाई. तू असं कर बाळा, तुझ्या आईला घेऊन ये. ती आत येऊन बघेल, मला तिला भेटायचंच आहे. तू दारात थांब."

तैफूर हसला. हसला, पण गेला नाही. पुन्हा कडुनिंबाखाली जाऊन बसला. चहावाली तिथेच बसायची. तिने पाणी पुढे केलं तर त्याने हातानेच नको म्हटलं.

ऊन उतरू लागलं. मामाचा हात काठीवर वरखाली होत होता. मरीसा हाज्जाच्या घरात होती आणि उंबरा रस्त्याच्या या बाजूला, आणि मधे हवालदार. अंधार पडायची वाट बघावी तर मामा म्हणाला, नाव उन्हात घ्यायचं असतं. तिला वाट दिसायला हवी.

मग हाज्जाचं दार उघडलं. कोशे डोक्यावर घडा घेऊन बाहेर आली. घड्याच्या तोंडावर हुलुमुरचे दोन पापुद्रे तरंगत होते, शनिवारी भाजलेले. एका हातात पेला. ती आडवाटेने गेली नाही. सरळ कडुनिंबाखालून, त्याच्या पुढ्यातून निघाली. आणि त्याच्यासमोर आल्यावर थांबली.

मी फटीला डोळा लावून होते.

"हवालदारसाहेब," कोशे म्हणाली, "दुपारपासून बसलाय उकाड्यात. ओतू का पेलाभर?"

तिने घडा उतरवला. वाकवला. पेल्यात ते गडद तांबडं पडलं, हुलुमुरच्याच रंगाचं. तैफूरने पेला हातात घेतला. त्यात बघत राहिला. नाकाशी नेला की नाही हे मला या बाजूने दिसलं नाही. त्याची पाठ होती. कोशे घड्याचा गळा धरून उभी होती, रोज सकाळी धरायची तसा.

"आज गुरुवार," तो म्हणाला. "माझा उपास आहे."

"मग राहू दे?"

त्याने पेला तिच्या हातात परत दिला. "सूर्य बुडाला की येतो. तेव्हा दे."

"या," कोशे म्हणाली.

तिने पेल्यातलं घड्यात परत ओतलं, एक थेंब न सांडता, घडा डोक्यावर घेतला आणि रस्ता ओलांडला. दार लावल्यावर ती घडा उतरवून तिथेच जमिनीवर बसली. उपास आहे हे कसं कळलं, मी विचारलं. ती म्हणाली, चहावालीचं पाणी परत केलं ना त्याने. आणि विसरून प्यायला असता तर? ती म्हणाली, "तर मग माझ्या आईची मरीसा त्याला आवडली असती."

पुढचं घाईत झालं आणि तरीही काही सुटलं नाही. कोशेने भिंतीची बाज उचलून सरळ केली, चार पायांवर ठेवली. तुंबा भरला. उंबऱ्यावर ओतला. माती ती पीत राहिली. मामाला आम्ही दाराशी उभं केलं. त्याने उन्हाकडे तोंड केलं आणि नाव घेतलं, "तोतो." दीड वर्षाने त्या घरात ते नाव कुणी घेतलं. मग म्हणाला, "तोतो, तुझ्या लेकीने केलंय. कडू आहे, नीट झालंय. आता जा." म्हाताऱ्यांनी प्यायलं. कोशेने सगळ्यात शेवटी घेतलं, एकच घोट, आणि घसा हाताने चोळला. रिकामा घडा राखेने घासून पालथा ठेवला तेव्हा सूर्य छपरांना टेकला होता.

तैफूर अजान झाल्यावर आला. कोशेने त्याला भिजवलेलं हुलुमुर दिलं, थंड, साखर घालून. शनिवारी त्याच्याच समोर भाजलेल्या पापुद्र्यांचं. त्याने पेला संपवला, दुसरा मागितला. अंगणात बाजेवर मामा निजला होता. निघताना हवालदार उंबऱ्याशी थांबला, ओल्या मातीकडे बघितलं, आणि पाय उंच करून ती ओलांडून गेला. त्यानंतर तो आमच्या गल्लीत आला नाही असं नाही, पण सळया आणल्या नाहीत.

गाळणी कोशेने धुऊन हाज्जाकडे नेली होती. हाज्जा म्हणाली, ठेव तुझ्याकडेच, दर वर्षी तूच तर गाळतेस माझं. आणि खरंच कोशे दर शाबानात ती घेऊन रस्ता ओलांडायची. मरीसाही करायची, सगळ्या प्रकारची, पुन्हा कधी पकडली गेली नाही. पण सकाळी माठाला कान लावताना आता ती डोळे मिटायची नाही, दाराकडे बघत ऐकायची.

डोंगरात बंदुका थांबल्यावर काही वर्षांनी ती परत निघाली. मामा केव्हाच गेला होता आणि त्याच्यासाठी मरीसा करायला त्याला लेक नव्हती. भाची चालते, म्हणाली. लॉरीवर बाज चढली, पाटा चढला. तुंबा तिने कुणाच्या हातात दिला नाही. मी खाली उभी होते, हाज्जा आपल्या दारात खुर्चीवर बसून नुसता हात हलवत होती. इंजिन सुरू झालं तेव्हा कोशेमावशीला काहीतरी आठवलं. ती फळीवरून वाकली आणि मला म्हणाली, "हाज्जांची गाळणी तुमच्या खुंटीला ठेवलीय, ती परत दे. आधी उन्हात वाळव, ओली नेऊ नकोस."